नदीकाठचे अकरा कोयते

लहानांनो आणि मोठ्यांनो, ऐका. पुष्कळ पिढ्यांपूर्वी एका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलं एक गाव होतं. गावाबाहेर पडक्या गढीत भैरोजी नावाचा दांडगट राहायला आला. तो रिकाम्या फिरणाऱ्या तरुणांना पोटभर जेवू घालायचा आणि म्हणायचा, "घरी तुम्हाला विचारतं कोण? मी विचारतो!"

हळूहळू दोन्ही तीरांवर टोळ्या झाल्या. भैरोजी दोन्ही टोळ्यांना एकमेकींविरुद्ध फूस लावी.

एके दिवशी विणकराचा तरणा मुलगा येसू सटवाजी लोहाराकडे आला. "आजोबा, अकरा कोयते हवेत."

"ऊस अजून गुडघाभरही नाही. कोयते कशाला?"

"तुम्ही फक्त घडवा," येसू म्हणाला आणि निघून गेला.

सटवाजीने भाता बंद केला आणि तडक ठकूबाई सुईणीचं घर गाठलं. ऐकून ती म्हणाली, "महिनाभर मी पोरांची फुटलेली डोकी बांधतेय. प्रत्येक आई सांगते, पाय घसरला." तिथेच बसलेला गावचा नावाडी म्हणाला, "मी त्यांना रोज गढीकडे सोडतो. वाटलं, आपल्याला काय करायचंय?"

तिघांनी दोन्ही तीरांची माणसं नदीच्या वाळवंटात बोलावली. "माझा मुलगा तसला नाही," येसूचा बाप उसळून म्हणाला.

"घराघरांत हेच ऐकलं मी," ठकूबाई म्हणाली. "अब्रू झाकता झाकता पोरं जातील हो!"

मग कोणाची तरी आई रडू लागली आणि एकेकाचं तोंड उघडलं. दोन दिवसांनी दुपारी याच वाळूत दोन्ही टोळ्यांची हाणामारी ठरली होती, तेही कळलं.

सटवाजीने कोयते दिले नाहीत. पोरांनी ते दुसऱ्या गावाहून आणले. पण ठरल्या दुपारी दोन्ही टोळ्या वाळूत उतरल्या, तेव्हा मधोमध सारं गाव बसलं होतं. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळेच.

"बाजूला व्हा!" येसू ओरडला.

त्याचा बाप उठला. "येसू, वर्षभर तू जेवलास का, एवढंही मी विचारलं नाही. चूक माझी आहे. घरी चल, बाळा."

येसूच्या हातातला कोयता वाळूत पडला. त्यामागे दुसरा पडला, तिसरा पडला. दोघे मात्र तसेच गढीकडे पळाले.

गाव तेवढ्यावर थांबलं नाही. नावाड्याने पलीकडच्या तिघांना वल्हं धरायला शिकवलं, सटवाजीने चौघांना भात्यावर बसवलं. येसू बापाच्या हातमागावर बसला. सुरुवातीला धागे तोडायचा, पण उठून गेला नाही.

गढीत नवं कोणी येईना, तेव्हा भैरोजीने मुलूख सोडला. पाठोपाठ पळालेले दोघेही मान खाली घालून परतले. ठकूबाईने दोन ताटं वाढली आणि गावाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तात्पर्य : प्रत्येक घराने झाकून ठेवलेली काळजी चारचौघांत मांडली, तरच पोरं वाईटाच्या हाती लागत नाहीत.