लांब बसणारा

वाद्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका साध्या मंगळवारी, रियाज आटोपताना, सिंथेसायझरला कळलं की उद्या वीज पुरवणारा नवा पॉवर सप्लाय त्याच्या पोटातच बसणार. भिंतीजवळच्या अडॅप्टरची आता गरज नाही.

"सुटलो बाबा. जन्मभर तुझ्या वायरचं दावं गळ्यात," तो अडॅप्टरला म्हणाला.

"मला गुणगुणायची खोड आहे रे," अडॅप्टर म्हणाला. "ती गुणगुण तुझ्या सुरात यायला नको, म्हणून लांब बसतो."

"मग बस तिकडेच."

नवा सप्लाय बसला. वायर गेली, ऐट आली. पण आता प्रत्येक सुराखाली पोटातल्या सप्लायची बारीक गुणगुण ऐकू येई. आपला सूर इतकी वर्षं कुणी स्वच्छ ठेवला, हे सिंथेसायझरला तेव्हा समजलं. अडॅप्टर तोवर भंगारात गेला होता.

तिकडे भिंतीजवळ एकटं वाटतं का, हे त्याला विचारायचं राहून गेलं.