काळा पेटारा आणि तिसरा प्रश्न

एका राज्यात मोठी विचित्र रीत होती. सिंहासनासमोर कोणी "मला ठाऊक नाही" असे म्हणायचे नाही. म्हटले, की पगडी उतरवून वेशीबाहेर! त्यामुळे दरबारात सगळेच सर्वज्ञ, आणि राजा शूरमर्दन तर त्यांचा मुकुटमणी.

एके दिवशी सातासमुद्रापलीकडून एक जादूगार आला. त्याच्या खांद्यावर बोलका पांढरा काकाकुवा होता, डोक्यावर काळा पेटारा होता. पेटाऱ्यासमोर इंग्रजी भाषेत नाव घ्यावे, की ती वस्तू हजर. एकाचे नाव घेतले तर एक, अनेकांचे घेतले तर अनेक. पण नाव चुकले, तर त्या जातीचे जे जे राज्यात असेल ते ते पेटाऱ्यात गडप. जादूगाराने एकाचे अनेक कसे करावे हे राजाला तीन दिवस शिकवले. रोज विचारी, "महाराज, समजले?" राजा म्हणे, "समजले. पुढे चला." समजले कसले, डोंबल!

चौथ्या दिवशी वसंतोत्सव होता. राज्यातली मुले चौकात जमली होती. राजाने "मँगोज" म्हणून आंब्यांची रास पाडली. लोकांनी टाळ्या पिटल्या. राजाला चेव चढला. "आता या मुलांना आणखी सवंगडी आणतो," असे म्हणून तो गरजला, "चाइल्ड्स!"

चौक रिकामा झाला. पाळणेही रिकामे झाले. राजाची आठ वर्षांची मुलगी चित्रांगी हातातल्या आंब्यासकट गेली. तिची जुळी बहीण हेमांगी दूरच्या राज्यात आजोळी होती, म्हणून तेवढी वाचली.

जादूगाराने कपाळावर हात मारला, एकाचे अनेक शिकवणारी आपली पोथी तिथेच टाकली आणि तो चालता झाला. पेटारा आपोआप उडाला आणि डोंगरमाथ्यावर जाऊन बसला. त्यावर काकाकुवा बसला. तो म्हणाला, "तीन प्रश्न. उत्तरे देईल तो मुले सोडवील. चुकेल तो पाषाण."

सात वर्षे गेली. पंडित गेले, सरदार गेले, प्रधानजीही गेले. सगळे पाषाण होऊन उभे राहिले, तेही तोंड उघडे ठेवून.

हेमांगी पंधरा वर्षांची झाली. बहिणीवाचून तिला घास गोड लागत नसे. पोथी तिने घोकून पाठ केली होती, मात्र शेवटची दोन पाने वाळवीने खाल्ली होती. तरीही ती डोंगर चढली. राजा, राणी आणि मुलांचे आईबाप पायथ्याशी थांबले.

काकाकुव्याने विचारले, "एक कॅट. अनेक?"

"कॅट्स."

पेटाऱ्यातून सात मांजरी निघाल्या आणि उतारावरून पसार झाल्या.

"एक मॅन. अनेक?"

"मेन."

तीन माणसे बाहेर आली. त्यांनी अंगरखे झटकले, रामराम केला आणि आपल्या वाटेने गेली.

"एक चाइल्ड. अनेक?"

हे त्या खाल्लेल्या पानांवर असणार! वडिलांचे उत्तर चुकीचे, एवढेच ती जाणत होती. मॅनसारखे आतून बदलावे? की मुळीच बदलू नये? काहीतरी ठोकून द्यावे, असे ओठांवर आले. शेजारी प्रधानजी तसेच ठोकून देताना पाषाण झाले होते. तिला भयंकर भीती वाटली, आणि भीतीहून अधिक लाज वाटली. राजघराण्यात जे कोणी कधी उच्चारले नव्हते, ते ती बोलली.

"मला ठाऊक नाही. आपण सांगाल का?"

काकाकुव्याने मान तिरकी केली. "सात वर्षांत हे कोणी विचारले नाही. विचारील त्याला सांग, अशीच धन्याची आज्ञा होती. ऐक. चिल्ड्रेन."

"चिल्ड्रेन," हेमांगी म्हणाली.

झाकण उघडले. मुले भराभरा बाहेर पडली आणि हाका मारीत डोंगर उतरली. पेटाऱ्यात काळ थांबलेला होता. एकही मूल दिवसानेसुद्धा वाढले नव्हते. पाषाणांची माणसे झाली. प्रधानजींनी आधी तोंड मिटले. रांगणारी तान्ही त्यांनी कडेवर घेतली, इतरांनाही घ्यायला लावली. खाली राजाने मुलांच्या आयांपुढे मुकुट काढला. "आम्हाला समजले नव्हते. आम्ही समजल्याचे सोंग केले," असे तो म्हणाला. त्याच दिवशी ती रीत मोडली.

चित्रांगी सर्वांत शेवटी बाहेर आली. आंबा तिच्या हातातच होता. तिने आपल्याएवढ्या उंचीची मुलगी शोधायला इकडेतिकडे पाहिले, आणि समोरच्या तरुणीला अदबीने विचारले, "माझी बहीण हेमांगी कुठे आहे?"

"मीच हेमांगी."

चित्रांगी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. डोके कसेबसे बहिणीच्या कोपराच्या वर पोचले. तिचे डोळे भरून आले.

"मी नसताना तू एकटीच मोठी झालीस?"

"हो," हेमांगी म्हणाली, आणि इतकी वर्षे आवरलेले रडू तिला आवरेना.

चित्रांगीने थोडा विचार केला. मग आंबा बहिणीच्या हाती दिला आणि दोन्ही हात वर केले.

"मग आता मला उचलून घे, ताई."