कुलपातला वायफाय

आमच्या शेजारच्या दाजीसाहेब जगदाळ्यांकडे वायफायची पेटी आली. त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, अन् कपाटाला मागून भोक पाडून, वायर जोडून, पेटी त्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केली. महागाची वस्तू ना!

सून मंजिरीची दुसऱ्या दिवशी फोनवर व्हिडिओतून नोकरीची मुलाखत होती, अन् माजघरात फोनवरचं चित्र सारखं अडकायचं.

"मामंजी, पेटी मधल्या भिंतीवर उंच लावू या का?"

"पेटीत दम आहे. तुझा फोनच रद्दी!"

संध्याकाळी दाजीसाहेब भजन ऐकायला बसले, तर रेडिओ जागेवर नाही.

"धान्याच्या कोठीत चालू करून ठेवलाय, मामंजी. तोही महागाचाच. इथूनच ऐका."

"पत्र्याच्या कोठीतून कसा ऐकू येईल गं?"

"का? दम नाही त्याच्यात?"

दाजीसाहेबांची नजर कपाटाकडे गेली. मग करगोट्याची किल्ली सोडत हळूच म्हणाले, "खिळा कुठं ठोकू, पोरी?"