कळसाएवढ्या उंचीवरची हवा

“मग हे कण आले कुठून, बाबा?”

विश्राम विचारत होता केवलनाथबाबांना, पण नजर लॅपटॉपवर खिळलेली. टेकडीवरच्या आमच्या मठाच्या अंगणातून त्याचा पांढरा फुगा नुकताच वर गेला होता. फुग्याखाली एक डबा, डब्याला हवा ओढणारी नळी. कुठल्या उंचीवर हवेत धुराचे, धुळीचे किती कण आहेत, ते तो डबा मोजतो आणि खाली आकडे पाठवतो. फुग्याची दोरी माझ्या हातात. मठात असली कामं माझ्याच गळ्यात पडतात.

“किती आहेत?” बाबांनी विचारलं.

“गेल्या वेळेइतकेच. कळसाएवढ्या उंचीपर्यंत हवा नुसती भरलेली, त्याच्यावर स्वच्छ.” त्याने कपाळ पुसलं. “असं कसं होईल? खाली भट्ट्या बंद आहेत!”

बंद होत्याच. टेकडीखालच्या कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांना प्रदूषण खात्याच्या कचेरीने सील ठोकलं होतं, ते ह्याच्याच अहवालावरून. तेही ऐन माठांच्या हंगामात. सगुणा कुंभारीण मठाच्या पायऱ्यांवर बसून रडून गेली, तेव्हा हा पठ्ठ्या शहरात शाल-श्रीफळ घेत होता. आज आला होता तो भट्ट्या बंद केल्यावर हवा किती निवळली, ते जगाला दाखवायला.

बाबांच्या हातात धुपाटणं होतं.

विश्रामने धुपाटण्याकडे पाहिलं. मग अंगणभर रेंगाळणाऱ्या धुराकडे. मग वर, फुग्याकडे.

“बाबा... गेल्या वेळीही?”

“गेल्या वेळीही. नवं यंत्र आहे, नारळ फोडा, धूप दाखवा, असं तूच म्हणालास. चांगला नळीच्या तोंडाशी धरा म्हणालास.”

खरं होतं. नारळ मीच फोडला होता. खोबरं मात्र साहेबांनीच जास्त खाल्लं.

विश्राम मटकन खाली बसला. लहानपणी ह्याच मठात जेवून शिकलेला, पुढे परदेशी जाऊन आलेला, चारचौघांत कुणाला बोलू न देणारा माणूस. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्याचा चेहरा पाहवेना.

“म्हणजे तो धूर आपलाच होता,” तो पुटपुटला.

“आपला?” बाबांनी विचारलं.

“माझा.”

बाबांनी नुसती मान हलवली.

“मी दुरुस्ती पाठवतो,” तो घाईघाईने म्हणाला. “गुपचूप. यंत्रात बिघाड होता, असं लिहितो. महिन्या-दोन महिन्यांत सील निघेल. कुणाला कळायचंही नाही.”

“यंत्रात बिघाड होता?”

विश्रामने मान खाली घातली.

“नाही. यंत्राने बरोबर मोजलं.”

बाबा उठून धुनीपाशी गेले. चिमट्याने रसरशीत निखारे उचलून त्यांनी धुपाटण्यात घातले. इथल्या कुंभारांची एक रीत आहे. बंद पडलेली भट्टी पुन्हा लावायची, तर विस्तव मठाच्या धुनीतलाच लागतो. एरवी तेच येतात न्यायला.

“हे सगुणाला नेऊन दे.”

“मी?” तो दचकलाच. “अहो बाबा, भट्टीला सील आहे.”

“कुणाच्या शब्दावर?”

“माझ्या.”

“मग खरं काय ते आधी तिला सांग, तिच्या दारातूनच कचेरीला फोन कर, आणि सील निघेपर्यंत तिथेच बस. निखारे फुंकत.”

विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्याचा राग करावा असंही काही उरलं नव्हतं.

“मला लाज वाटते हो, बाबा. कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्यापुढे?”

“आहे त्याच.”

तो उठला. त्याने धुपाटणं दोन्ही हातांनी घेतलं. मी म्हटलं, मी येतो सोबत. बाबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

दरवाजाशी जाऊन विश्राम थबकला. तिथून सगळा कुंभारवाडा दिसतो. भर दुपारी माणसं कामाविना ओट्यांवर बसून होती, आणि उतरणारा माणूस त्यांना पहिल्या वळणापासूनच दिसणार होता. हातातल्या धुरासकट.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कट्ट्यावरचं पूजेचं ताम्हन उचललं आणि निखाऱ्यांवर पालथं घातलं. धूर थांबला. तो पायरी उतरायला लागला.

बाबांनी मागून हाक मारली.

“झाकू नकोस रे... विझेल.”