बियाण्याची मिरची

आढ्याला टांगलेली कणसं बोलायची, त्या काळची गोष्ट. ठकूबाईच्या लाल मिरच्या पोत्यांतून बाजाराला गेल्या. त्यांतली सगळ्यांत लांब, सगळ्यांत लालभडक मिरची तिने बियाण्यासाठी ठेवली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगली. शेजारी एक म्हातारं कणीस धुराने काळवंडून लोंबत होतं. उपदेशाला त्याला काळवेळ नसायची.

खिडकीतून परस दिसायचा. पोटातलं बी खुळखुळलं की मिरचीचा जीव मातीसाठी तुटायचा.

भर उन्हाळ्यात तिचा देठ दोऱ्यातून सुटत आला. खाली राखेची पाटी होती. "कणीसकाका, आता पडले तर राखेबरोबर उकिरड्यावर जाईन. तिथे मातीच आहे!"

"उकिरड्यावर? अगं, आपण निवडलेले! तुझा वाफा ठरलेला आहे, पोरी. मोठ्यांचं ऐक, जरा कळ काढ."

मिरचीने दोरा गच्च धरला. पाटी गेली.

रोहिणी नक्षत्रात ठकूबाईने वाफे केले. मिरची खिडकीतून बघत राहिली. ठकूबाईने दुकानातून आणलेली पुडी फोडली, बी टाकलं, वरून पाणी शिंपडलं आणि हात धुऊन टाकले. आढ्याकडे तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

"काका," मिरची म्हणाली, "तुम्हाला इथे कधी टांगलं?"

"सात वर्षं झाली."

"सात वर्षं? मग मला थांब का म्हणालात?"

कणीस दोऱ्यावर हळूच दुसरीकडे वळलं.

"एकट्याला करमत नव्हतं गं," ते म्हणालं.