शेपूट गाळलेला कायदा

त्या राज्यात कायदा खुणांनी लिहिला जाई आणि खुणा वाचता येणारी एकटी टिटवीच होती. दर आठव्या दिवशी सकाळी कड्यावरच्या दरबारातून एक दगड तळ्याकाठी येई. टिटवी त्यावरचा मजकूर साध्या बोलीत सांगे. मोबदल्यात तिच्या अंड्यांवर कोणी पाय देत नसे. उघड्या मातीत अंडी घालणाऱ्या आईला आणखी काय हवे?

तिच्या आईने एक शिस्त घालून दिली होती. 'प्रत्येक'ची खूण आली की वाक्याला शेपूट जोडायचे: 'असा कोणी असला तर.' कारण असा कोणी खरोखर आहे, असे ती खूण कबूल करत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तसे वाटते.

एकदा दगड आला: 'राज्यातला प्रत्येक तक्रारदार समाधानी आहे.' टिटवीने शेपूट जोडले. दगडासोबत आलेला तरस, कड्याचा कारभारी, हसला.

"टिटवीबाई, रोजच्या बोलण्यात असं कोण बोलतं? लोकांचा उगाच गोंधळ होतो."

त्याचा पंजा अंड्यांपासून वीतभर अंतरावर होता. टिटवीने शेपूट गाळून वाक्य पुन्हा सांगितले. चार शब्दांनी आभाळ थोडेच कोसळणार होते.

शेजारच्या भेकरीचे पाडस हरवले होते. "प्रत्येक म्हणालीस ना गं? मग मीही तक्रार घेऊन जाते," म्हणत ती कडा चढली. ती परतली नाही. पुढच्या दगडावर तेच वाक्य होते. टिटवीने खुणा दोनदा तपासल्या. चूक नव्हती. असमाधानी तक्रारदार राज्यात एकही उरला नव्हता.

मग भेकरीला शोधायला ससे गेले, सशांना शोधायला साळिंदर गेले. टिटवीला सारे कळत होते आणि स्वतःची किळस येत होती. पण अंडी उबेत होती. ती वाचत राहिली.

तेव्हापासूनचा चौथा दगड आला तेव्हा तळे ओस पडले होते. त्यावर लिहिले होते: 'तळ्याकाठचा प्रत्येक प्राणी सुखी आहे.' टिटवीने ते रिकाम्या काठाला मोठ्याने सांगितले आणि बऱ्याच दिवसांनी शेपूट जोडले, "असा कोणी असला तर."

"आहे ना एक," तरस अदबीने म्हणाला. "वाक्य तेवढ्यासाठी अडलंय. तुम्ही सुखी आहात ना, बाई?"

तिच्या पोटाखाली कवचांना आतून चोची लागत होत्या. तरसाने पंजा उचलला आणि तो उत्तराची वाट पाहू लागला.