रणरागिणीचं बूड

समुद्र आजच्याइतकाच खारट होता, तेव्हाची गोष्ट. रणरागिणी ही शंखद्वीपाच्या आरमारातली सर्वांत मोठी युद्धनौका. तिच्या तोफा रोज घासूनपुसून लखलखत. तिचा म्हातारा नांगर मात्र पाण्याखाली जाऊन यायचा, म्हणून त्याला खालचं ठाऊक होतं.

“बाईसाहेब, बुडाला वीतभर शिंपले चढलेत. लढाईआधी गोदीत जाऊन खरवडून घ्या.”

“नांगरोबा, बुडाकडे कोण बघतं?” ती हसली.

लढाईत मोरबेटाच्या नौका झरझर वळल्या. रणरागिणीला वळता वळेना. तिच्या कुशीत गोळे घुसले, ती कलंडली आणि पालथी झाली. तोफा पहिल्यांदाच पाण्याखाली गेल्या. नांगराला ते सवयीचं होतं.

वर दोन्ही आरमारं थबकून बघत राहिली. बघायला आता तेवढं बूडच उरलं होतं.